दिवे गेले, नळही गेला : तीन दिवसांची घरची तयारी



पावसाळा तोंडावर आला आहे. आगोटीची बेगमी आपल्याला नवी नाही. सुके बोंबील आणि सुकट डब्यात गेली, तांदूळ भरला, मसाला कुटून झाला, मिठाची बरणी कोरड्या जागी सरकली. आपल्या आजी-आजोबांची ही यादी पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे आणि ती उत्तमच आहे. मात्र त्या यादीत वीज आणि नळाचे पाणी नव्हते, कारण ते त्यांच्या घरातच नव्हते. दिवा रॉकेलचा आणि पाणी विहिरीचे. आज आपले सारे घर या दोन गोष्टींवर उभे आहे, यादी मात्र जुनीच राहिली.

जुलै २०१८ आपल्यापैकी कोणी विसरले नसेल. वसई-विरार पाण्याखाली होते, रुळांवर पाणी आल्याने लोकल बंद होत्या आणि वीजही बंद ठेवावी लागली होती. पुढे १७ मे २०२१ रोजी 'तौक्ते' चक्रीवादळ आपल्या किनाऱ्यासमोरून उत्तरेकडे गेले. केळीच्या बागा आडव्या झाल्या, झाडे तारांवर पडली आणि तालुक्यातल्या काही गावांना कित्येक दिवस अंधारात काढावे लागले. मधल्या काळात १२ ऑक्टोबर २०२० रोजी वादळ नाही, पूर नाही, तरी वीजवाहिन्यांतील बिघाडामुळे मुंबई-ठाण्याची वीज एकाएकी गेली होती. म्हणजे ही वेळ केवळ पावसाळ्यातच येते असेही नाही.

"लाईट गेली तर मेणबत्ती लावू," असे आपण सहज म्हणतो. तासाभरासाठी ते ठीक आहे. पण तीन दिवस वीज नसेल तर? पाणी ओसरायला, पडलेली झाडे कापायला, खांब उभे करायला आणि बाहेरची मदत पोहोचायला दोन-तीन दिवस सहज लागतात. म्हणून या लेखात आपण तीन दिवसांचे माप धरू.

पाणी : आधी मोजा, मग साठवा

वीज गेली की नळ का जातो, हे मुलांना एकदा समजावून सांगा. आपल्या शहराला मिळणाऱ्या पाण्याचा मोठा भाग सूर्या नदीचा आहे. त्यातले बरेच पाणी पालघर तालुक्यात मासवण येथे पंपाने उचलले जाते, धुकटणच्या केंद्रात शुद्ध होते आणि मग मोठ्या जलवाहिन्यांतून आपल्याकडे येते. तिकडची वीज गेली तर आपल्या घरी दिवे असूनही नळ कोरडा राहतो. आपल्याकडची गेली तर खालच्या टाकीत पाणी असूनही ते गच्चीवर चढत नाही. तेव्हा अंधार पडला की पहिले काम टॉर्च शोधण्याचे नव्हे. गच्चीवरच्या टाकीत जेवढे आहे तेवढे जपण्याचे ते काम आहे. इमारतीत ही गोष्ट सर्वांनी मिळून ठरवावी लागते, नाहीतर तळमजल्याचा एक उघडा नळ अख्ख्या विंगची टाकी रिकामी करतो.

किती पाणी लागते? आपत्तीच्या वेळी माणशी रोज निदान १५ लिटर पाणी मिळावे, असे मदतकार्यात जगभर मानले जाते. त्यातले पिण्याला आणि स्वयंपाकाला ५ लिटर धरू. पाच माणसांच्या घराला दिवसाला ७५ लिटर, तीन दिवसांना २२५. म्हणजे एक मोठा ड्रम आणि वर दीड-दोन बादल्या. ऐकायला सोपे वाटते. आता शौचालयाचा हिशेब पाहा. जुन्या पद्धतीच्या फ्लशमध्ये एका वेळी सुमारे १० लिटर पाणी जाते. पाच माणसांनी दिवसातून चार-चार वेळा फ्लश केला तर २०० लिटर! तीन दिवसांचा साठा जवळजवळ पहिल्याच संध्याकाळी संपला.

म्हणून साठ्याचे दोन भाग करा आणि ते एकमेकांत मिसळू देऊ नका. पिण्याचे ७५ लिटर स्वच्छ, झाकणाच्या भांड्यांत. शक्य असेल तर तळाशी तोटी असलेल्या भांड्यात, म्हणजे आत हात आणि पेले बुडणार नाहीत. बाकीचे वापरायचे. शौचालयासाठी हात धुतलेले, भाजी-तांदूळ धुतलेले, कपड्यांचे पाणी एका बादलीत जमवा. फ्लशचे बटण विसरा, अर्धी बादली सरळ ओता. जेवणाला केळीची पाने घ्या. आपल्या वाडीत पानांना तोटा नाही आणि पाच ताटे घासायचे पाणी वाचते.

पावसाळ्यात तर आभाळातूनच पाणी पडत असते आणि आपण कोरड्या नळाकडे पाहत बसतो! एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते. दहा चौरस मीटरच्या पत्र्यावर दिवसात १०० मिलिमीटर पाऊस पडला, तर १,००० लिटर. पन्हळीखाली ड्रम ठेवण्याचेच काय ते कष्ट. पहिले पाणी सोडून द्या, त्यात पाला आणि पक्ष्यांची विष्ठा असते. नंतरचे शौचालयाला, फरशीला, कपड्यांना वापरा.

साठवणुकीत एक धोका आहे. उघड्या ड्रममध्ये डेंग्यूचे डास अंडी घालतात. ड्रमचे तोंड घट्ट कापडाने किंवा झाकणाने बंद हवे आणि दर आठवड्याला तो रिकामा करून, आतून घासून पुन्हा भरायला हवा. रिकामा करायचा म्हणजे फेकायचा नव्हे, झाडांना घाला.

विहीर आहे, पण दोर आहे का?

आपल्या भागात अजून विहिरी आहेत, हे आपले भाग्य. पण रहाट गेले, कप्प्या गंजल्या आणि विहिरीवर आता फक्त विजेची मोटार बसली आहे. पाणी आठ-दहा हात खाली दिसते आहे आणि ते वर काढायला घरात दोर नाही, ही स्थिती आपल्यापैकी किती घरांत असेल? माझ्या घरात होती.

पुराचे पाणी ज्या विहिरीत शिरले, तिचे पाणी शुद्ध केल्याशिवाय पिऊ नये. स्वच्छ दिसले तरीही नाही. विहिरीत टाकायची ब्लीचिंग पावडर, म्हणजे आपण जिला टीसीएल म्हणतो ती, चांगल्या प्रतीची असेल तर एरवी १,००० लिटर पाण्याला साधारण अडीच ग्रॅम पुरते. विहिरीत पाणी किती, हे असे काढा : व्यास मीटरमध्ये मोजून त्याला त्यानेच गुणा, मग पाण्याच्या खोलीने गुणा, मग ३.१४ ने गुणून चाराने भागा. उत्तर घनमीटरमध्ये येते आणि एक घनमीटर म्हणजे १,००० लिटर. तीन मीटर व्यासाच्या विहिरीत दोन मीटर पाणी असेल तर सुमारे १४,००० लिटर होतात, म्हणजे ३५ ग्रॅम पावडर. ती थेट विहिरीत फेकू नये. बादलीत थोड्या पाण्यात कालवावी, बादली पाऊण भरून ढवळावी, दहा मिनिटे निवळू द्यावी, वरचे पाणी दुसऱ्या बादलीत घेऊन ते विहिरीत सोडावे. खालचा चुन्यासारखा गाळ विहिरीत टाकू नये. रात्री हे काम केले तर सकाळपर्यंत औषधाला वेळ मिळतो. पुराने गढूळ झालेल्या विहिरीला मात्र हे प्रमाण पुरत नाही. आरोग्य कर्मचाऱ्यांना बोलवा, क्लोरीन तपासून घ्या आणि ते 'हो' म्हणेपर्यंत ते पाणी वापरापुरतेच ठेवा.

घरात पिण्याचे पाणी गढूळ आले तर आधी चौपदरी कापडातून गाळा किंवा तुरटी फिरवून निवळू द्या, मग उकळा. खळखळून उकळी आल्यावर निदान एक मिनिट ठेवा आणि झाकून निवू द्या. गॅस पुरवायचा असेल तर औषधाच्या दुकानातल्या क्लोरीनच्या गोळ्या किंवा थेंब चालतात. प्रमाण पाकिटावर पाहून टाका आणि अर्धा तास थांबा. तुरटीने पाणी निवळते, पण जंतू मरत नाहीत. हा गैरसमज आपल्याकडे फार आहे. आणि हो, भिंतीवरचे पाण्याचे शुद्धीकरण यंत्र विजेवर चालते, हे बऱ्याच जणांच्या वीज गेल्यावरच लक्षात येते.

इमारतीत राहणाऱ्यांनी भूमिगत टाकीचे झाकण आत्ताच पाहून घ्यावे. आवारात साचलेले पाणी, त्यात गटाराचेही आले, त्या झाकणाच्या फटीतून टाकीत जाते. वीज परत आली की पंप पहिल्याच झटक्याला ते गच्चीवर चढवतो. टाकी बुडाली होती असा संशय असेल तर ती उपसून, धुऊन, औषध टाकल्याशिवाय पंप सुरू करू नये.

इन्व्हर्टर किती तास चालेल?

"आमच्याकडे इन्व्हर्टर आहे," हे उत्तर अर्धेच आहे. पुढचा प्रश्न असा, की किती तास? १२ व्होल्टची १५० अँपिअर-अवरची बॅटरी कागदावर १,८०० वॉट-तास देते. यंत्रात जाणारी आणि बॅटरीत राखावी लागणारी वीज वजा केली तर हाती अकराशे-बाराशे राहतात. साधा छताचा पंखा ७५ वॉट घेतो, एलईडी बल्ब ९. दोन पंखे आणि चार बल्ब लावले तर सहा तास. एक पंखा आणि एक बल्ब लावला तर तेरा-चौदा तास. बॅटरी चार-पाच वर्षांची जुनी असेल तर याच्या निम्मे धरा. तेव्हा वीज गेल्याबरोबर सगळ्यांनी एका खोलीत यायचे आणि बाकीची बटणे बंद करायची.

याच ठिकाणी मला २०१८ ची एक गोष्ट सांगायची आहे. आमच्या आळीत एक वयस्कर गृहस्थ ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरवर होते. मुलगा कामावर गेला तो लोकल बंद पडल्याने तिकडेच अडकला. घरी आजी आणि सून. घरात इन्व्हर्टर होता, म्हणून कोणाला काळजी वाटली नाही. पण असे यंत्र साधारण ३५० वॉट घेते. तीन तासांत बॅटरी संपली. तरीही घरात एक भरलेला सिलिंडर होता, मुलाने याच प्रसंगासाठी आणून ठेवलेला. सून तो ओढत बाहेर घेऊन आली आणि तेव्हा कळले, की सिलिंडर उघडायची चावी नाही. कपाटे उपसली, ड्रॉवर उलटे केले. शेजाऱ्यांनी पक्कड लावली, पाना लावला. आजोबांचे ओठ निळे पडू लागले होते. शेवटी कोणीतरी मागच्या आळीतल्या वेल्डिंगवाल्याला गुडघाभर पाण्यातून बोलावून आणले. तो आपल्या गॅसच्या सिलिंडरची चौकोनी चावी घेऊन आला. आल्या आल्या त्याने आधी एक काम केले. खोलीतली मेणबत्ती विझवली. आमच्यापैकी कोणाच्याही ते ध्यानात आले नव्हते. ऑक्सिजनजवळ ज्योत असू नये आणि त्याच्या जोडाला तेलकट हात लागू नये, हे त्याला त्याच्या धंद्याने शिकवले होते. मग चावी लावली. ती बसली.

आजोबा त्या रात्रीतून वाचले. पण मी त्यानंतर माझ्या घरातल्या प्रत्येक 'आहे'कडे संशयाने पाहू लागलो.

ज्यांच्या घरी असा रुग्ण आहे त्यांनी हिशेब करून ठेवावा. 'बी' आकाराच्या सिलिंडरमध्ये सुमारे १,५०० लिटर ऑक्सिजन असतो. मिनिटाला दोन लिटर लागत असेल तर साडेबारा तास. म्हणजे एक रात्र, तीन दिवस नव्हेत. त्या साडेबारा तासांत रुग्णाला कुठे हलवायचे, हे डॉक्टरांशी आजच बोलून ठरवा. चावी सिलिंडरच्या मानेलाच सुतळीने बांधा. सिलिंडर एकदा डॉक्टरांच्या किंवा पुरवठादाराच्या माणसासमोर उघडून पाहा.

इन्सुलिन घेणाऱ्यांनी घाबरून जाऊ नये. वापरात असलेली बाटली बहुतेक प्रकारांत २५ ते ३० अंशांखाली साधारण चार आठवडे टिकते. नेमके किती दिवस, ते खोक्यातल्या कागदावर असते. फ्रिज बंद असेल तर एका मडक्यात ओली वाळू घाला, त्यात दुसरे लहान मडके बसवा, त्यात प्लास्टिकच्या पिशवीत बाटल्या ठेवून वर ओले फडके टाका. वाळू ओली ठेवली की आत बाहेरच्यापेक्षा थंड राहते. इन्सुलिन बर्फाला मात्र चिकटवू नका, गोठले की वाया गेले.

फ्रिजचे दार उघडले नाही तर आतला गारवा चार तास टिकतो. मासळी ठेवलेला फ्रीझर गच्च भरलेला असेल तर दोन दिवस, अर्धा रिकामा असेल तर एक. म्हणून वादळाची सूचना आली की रिकाम्या जागेत पाण्याच्या बाटल्या गोठवून ठेवा. पुढे ते पाणी पिताही येते. मासळी वितळून कोमट झाली असेल तर कितीही जीव तुटला तरी टाका. पापलेट महाग आहे, पण पाणी नसलेल्या घरात जुलाब त्याहून महाग पडतात. सुके खारे बोंबील चविष्ट, पण तहान वाढवतात. त्या तीन दिवसांत खिचडी, पेज, पोहे, गूळ-शेंगदाणे बरे.

आणखी थोडे

तळमजल्यावर पाणी चढू लागले तर ते प्लगपर्यंत येण्याची वाट पाहू नका, कोरड्या जागी उभे राहून मेन स्विच बंद करा. पाण्यात उभे असाल तर स्विचला हात लावू नका. पडलेली तार 'मेलेली' समजू नका, १९१२ वर महावितरणला कळवा. जनरेटर आणला तर तो घरात, जिन्याखाली किंवा बंद गॅलरीत चालवू नका. त्याच्या धुरातल्या विषारी वायूला वास नसतो, झोपेतच माणूस जातो. कोळशाच्या शेगडीचेही तेच. आणि चेंजओव्हर स्विच न बसवता जनरेटर घराच्या वायरिंगला जोडला, तर आपली वीज उलटी तारेत जाऊन खांबावर चढलेल्या वायरमनचा जीव घेऊ शकते. तो आपल्यासाठीच पावसात वर चढलेला असतो.

घरच्या आल्तारवरची मेणबत्ती पडद्यापासून आणि प्लास्टिकच्या फुलांपासून दूर हवी. रात्री झोपताना एलईडीचा कंदील लावा. मोबाइल बंद पडले की पैसे देण्याची सोयही बंद पडते, तेव्हा दोन-तीन हजार रुपये दहा, वीस, पन्नासच्या नोटांत ठेवा. टॉवरच्या बॅटऱ्याही संपतात. फोन लागत नसेल तर एसएमएस कधी कधी जातो. महत्त्वाचे नंबर कागदावर लिहून दारामागे चिकटवा : रुग्णवाहिका १०८, तातडीची मदत ११२, जिल्हा आपत्ती कक्ष १०७७ आणि आपली माणसे.

आमच्या घरची तालीम

गेल्या महिन्यात आम्ही घरी एक प्रयोग केला. शनिवारी संध्याकाळी सहाला मेन स्विच पाडला, टाकीचा वॉल्व्ह बंद केला आणि रविवारी संध्याकाळी सहापर्यंत दोन्ही उघडायचे नाहीत असे ठरवले. आम्ही पाच जण. फ्रिज आदल्या दिवशी रिकामा केला होता, तेवढी सवलत घेतली.

पहिला धडा पाच मिनिटांत मिळाला : वॉल्व्ह गंजला होता, फिरेना. दुसरा सात वाजता : टॉर्चमधल्या सेलना पाणी सुटले होते. गॅस पेटवायला काडेपेटी नव्हती, कारण शेगडी विजेच्या ठिणगीवर पेटते आणि लायटर बिघडलेला. रात्री मुलीला विचारले, "मामाचा नंबर सांग." तिला स्वतःच्या नंबराशिवाय एकही पाठ नव्हता. मलाही पत्नीचा धड सांगता आला नाही, त्यावर झालेली चर्चा इथे देत नाही. सकाळी मिस्साला सगळे बिनइस्त्रीच्या कपड्यांत गेलो.

पाणी आम्ही मोजून वापरले आणि वहीत लिहिले. चोवीस तासांत पाच जणांना ९४ लिटर लागले. ठरवले होते ७५. जादा गेलेले जवळजवळ सगळे शौचालयात गेले, कारण रात्री अंधारात कोणाला वापरलेल्या पाण्याची बादली सापडत नव्हती आणि हाताला लागली ती स्वच्छ पाण्याची. आता दोन्ही बादल्यांचे रंग वेगळे आहेत आणि जागाही.

रविवारी दुपारी विहिरीवर गेलो. बाजारातून आणलेला नवा दोर बादलीला बांधून खाली सोडला, तर बादली पाण्याच्या दोन हात वर लोंबकळत राहिली. मे महिन्यात पाणी किती खाली जाते, हे मोटार बसवल्यापासून आम्ही कधी पाहिलेच नव्हते. शेजारच्या आजी कुंपणापलीकडून हे बघत होत्या. त्या म्हणाल्या, "अरे, आमच्या वेळी दोर पावसाळ्याच्या पाण्यावर मोजत नव्हते, वैशाखातल्या पाण्यावर मोजत."

दुसऱ्या दिवशी लांब दोर आणला. तो विहिरीजवळ पत्र्याखाली खिळ्याला टांगलेला असतो आणि डाव्या-उजव्या दोन्ही घरांना तो कुठे आहे हे दाखवून ठेवले आहे.